मनीऑर्डरची पोच

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने सगळे नातेवाईक जमलो होतो. जेवणं झाल्यावर माझ्या भाच्याचा मुलगा जवळ येऊन बसला. कॉमर्सला आहे. त्याला कॉलेजात एक प्रकल्प दिलाय, विषय असा की लोकांनी रोजच्या व्यवहारात इलेक्ट्रॉनिक पैसा का स्वीकारला? म्हणाला, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, मग सांग." मी म्हटलं, आधी तू काय लिहिलंयस ते सांग. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. नोटबंदी!

चार मार्कांच्या प्रश्नाला हे उत्तर चालून जाईल, पण मी पेपर तपासत असते तर एकच मार्क दिला असता. बाकीचे तीन मार्क कुठे गेले ते त्याला तिथे नीट सांगता आलं नाही, कारण तेवढ्यात आइस्क्रीम आलं. :) म्हणून हे इथे लिहितेय. तो वाचेल अशी आशा आहे, आणि तुम्ही मंडळी तर वाचताच.

मुळात पैसा म्हणजे काय, तर समोरचा माणूस घेईल ही खात्री. धातू, कागद, फोनचा पडदा हे नुसते कपडे. कपडे बदलले की माणसाला ओळख पटायला वेळ लागतो, आणि इतिहासात असे कपडे अनेकदा बदललेत. कधी लोकांनी नव्या रूपातला पैसा आनंदाने घेतला, कधी साफ नाकारला. का घेतला आणि का नाकारला हे ताडून पाहिलं की आजचंही कोडं बरंचसं सुटतं.

नाकारल्याचं प्रसिद्ध उदाहरण आपण सगळेच शाळेत शिकलो. महंमद तुघलक. १३२७ च्या सुमारास ज्याने राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला आणली, तोच. त्याने १३३० च्या आसपास तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मान काढलं की ही चांदीच्या टंक्याइतकीच धरायची. कल्पना वेडगळ नव्हती बरं का! चीनमध्ये कागदी पैसा त्याच्या आधीपासून चालू होता. पण ते नाणं खरं की खोटं हे ओळखायची काहीच सोय सुलतानाने ठेवली नाही. लोकांनी घरोघरी नाणी पाडायला सुरुवात केली. त्या काळचा इतिहासकार बरनी याने तर घरंच टाकसाळी झाल्यासारखं वर्णन केलंय. दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजून द्यावी लागली. वर्गात मी हा धडा शिकवताना मुलं हसायची. मी त्यांना विचारायची, "मग तुमच्या खिशातली दहाची नोट काय आहे रे? कागदच ना?" वर्ग एकदम शांत व्हायचा.

म्हणजे नुसत्या हुकमाने पैसा चालत नाही, हा पहिला धडा.

आता उलटं उदाहरण घ्या. हुंडी. ती चालवा असा हुकूम कुठल्याच राजाने दिला नव्हता, तरी शतकानुशतकं चालली. पुण्याच्या सावकाराने लिहिलेल्या कागदावर काशीच्या पेढीवर पैसे मिळायचे. वाटेत चोर-दरोडेखोर असताना थैल्या घेऊन कोण जाणार? हुंडीतही किती प्रकार! दाखवल्याबरोबर पैसे मिळतात ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळतात ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळायचे, म्हणजे चोराने पळवली तरी त्याला उपयोग नाही. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवली तर परपेठ. किती बारीक विचार केलेला आहे पाहा. इंग्रजांनी १८८१ साली चेक-वचनचिठ्ठ्यांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजांना हात लावला नाही. जे चालतंय ते चालू दे, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. हुंडी चालली कारण तिने एक खरी अडचण सोडवली, आणि घोळ झाला तर काय करायचं याचं उत्तर तिच्याकडे आधीपासून तयार होतं.

कागदी नोटेची गोष्ट या दोहोंच्या मधली. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. पण सुरुवातीला देशाची मंडळं पाडलेली होती आणि नोट ज्या मंडळाची, त्याच मंडळात तिचे पैसे मिळण्याचा हक्क असे. मुंबईची नोट कलकत्त्याला नेली तर ती घ्यायची की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर. अशी नोट कोण कशाला जवळ बाळगेल? १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालू झाल्या, तेव्हा कुठे ती गैरसोय गेली.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. नोटा टपालाने पाठवायच्या असल्या की लोक नोटेचे दोन तुकडे करत. आधी एक अर्धा भाग पाठवायचा. तो पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरा अर्धा. वाटेत कुणी एक पाकीट फोडलं तरी हाती अर्धी नोट, म्हणजे रद्दीच. आज बँकेत पैसे पाठवताना आधी पासवर्ड आणि मग मोबाइलवर आलेला आकडा टाकतो ना, तेच हे. एका वाटेने अर्धी किल्ली, दुसऱ्या वाटेने अर्धी. दीडशे वर्षांपूर्वी कात्रीने ओटीपी चालायचा म्हणा ना!

आणि मग आली मनीऑर्डर. इथे मला थोडं घरचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. तिने कोकण कसं जगवलं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. माझे वडील लालबागला गिरणीत होते आणि आई आम्हा भावंडांना घेऊन कणकवलीजवळच्या गावी. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा. ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, फॉर्म काढायचा. आईला अक्षर येत नव्हतं. त्यामुळे तिचा अंगठा आणि शेजारी कुणातरी साक्षीदाराची सही, असा नियम. साक्षीदार म्हणजे बहुतेक वेळा माझे चुलते. मग पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवायचा. अंगठ्याची पोच परत मुंबईला जायची. वडील ती पोच खोलीतल्या एका तारेला टोचून ठेवत. निळ्या शाईचा तो अंगठा म्हणजे बायको-मुलं ठीक आहेत याची खूण.

व्यवस्था चोख होती. पण किती पैसे आले ते पोस्टमनला कळायचं, चुलत्यांना कळायचं, आणि संध्याकाळपर्यंत वाडीला कळायचं. मग "वहिनी, जरा पाच रुपये द्या" सुरू. मी तिसरीत असताना आईने माझ्याकडून पाटीवर स्वतःचं नाव गिरवून घेतलं. नुसतं नाव. वाचायला ती पुढेही कधी शिकली नाही. तिला सही हवी होती ती एवढ्याचसाठी, की सही आली म्हणजे साक्षीदार लागत नाही! ज्या दिवशी तिने पहिल्यांदा फॉर्मवर सही केली त्या दिवशी चुलते ओटीवरून उठून गेले होते, हे मला लख्ख आठवतं.

असो. मनीऑर्डरला एक दोष होता, ती महाग होती. नंतरच्या काळात दर २० रुपयांमागे १ रुपया कमिशन पडायचं, म्हणजे शेकडा पाच. आणि वेळ किती लागेल ते पोस्टाच्या आणि पावसाच्या हातात. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. पण गावी पैसे पाठवायची गरज थोडीच बंद होते?

हीच गरज आणखी कुठे होती ठाऊक आहे? केनियात. नैरोबीत नोकरी, खेड्यात म्हातारे आईबाप, आणि खेड्यात बँक नाही. अगदी आपलं कोकण. तिथे बसच्या ड्रायव्हरबरोबर पैसे पाठवायचे, नाहीतर ओळखीचा माणूस जाईपर्यंत थांबायचं. २००५ साली तिथल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एक छोटी चाचणी केली. उद्देश एवढाच होता की बचत गटासारख्या छोट्या कर्जदारांनी हप्ते फोनवरून भरावेत. पण लोकांनी ती सोय भलत्याच कामाला वापरली. ते एकमेकांनाच पैसे पाठवू लागले! कंपनी शहाणी होती, तिने लोकांचं ऐकलं. मार्च २००७ मध्ये 'एम-पेसा' सुरू झालं तेव्हा त्याची जाहिरातच होती, घरी पैसे पाठवा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख द्यायची, गावच्या दुकानदाराकडून रोख घ्यायची, मधला प्रवास फोनवरच्या संदेशाने. साधा बटणांचा फोन पुरत होता. २००७ च्या शेवटी तिथे निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, रस्ते बंद झाले, तेव्हा अडकलेल्या नातेवाइकांना लोकांनी याच मार्गाने पैसे पोचवले. मग विश्वास बसायला वेगळी जाहिरात लागली नाही.

गंमत म्हणजे 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा'वरून गेला असं मानतात. युगांडा रेल्वेच्या काळात तिकडे आपलाच रुपया चालत होता ना! पण हेच एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आलं, आणि २०१९ मध्ये त्याने गाशा गुंडाळला. केनियात जे रुजलं ते इथे रुजलं नाही. इथे बँकेच्या शाखा जास्त, फोन कंपन्या अनेक, आणि एका कंपनीच्या खात्यातला पैसा दुसरीकडे सहज चालेना. पुन्हा तेच, मुंबईची नोट कलकत्त्याला चालेना!

आता आपल्याकडे वळू. माझ्या नातवाचं (भाच्याचा मुलगा म्हणजे नातूच की) म्हणणं नोटबंदी. पण त्याआधीच्या तारखा बघा. बँकांमधले असे व्यवहार सांभाळणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन २००८ साली स्थापन झाली. बँकेच्या वेळेनंतरही क्षणात पैसे पोचवणारी आयएमपीएस ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला पहिलं आधार कार्ड आपल्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांची खाती उघडली. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा प्रारंभ झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. हे सगळं ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीचं. घराला नळ जोडून झाले होते, पाणी यायचं बाकी होतं.

नोटबंदीने ५०० आणि १००० च्या जुन्या नोटा, म्हणजे चलनातल्या रकमेच्या तब्बल ८६ टक्के, एका रात्रीत बाद झाल्या. लोक फोन आणि कार्डाकडे धावले हे खरंच. पण ती धाव टिकली का? यूपीआयवर डिसेंबर २०१६ या महिन्यात सगळ्या देशात मिळून साधारण २० लाख व्यवहार झाले. आपल्या देशाच्या मानाने हे काहीच नव्हे. आमच्या डोंबिवलीहून फार लांब नसलेलं मुरबाड तालुक्यातलं धसई गाव १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं होतं. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं दिली होती. वर्षभराने बातमीदार पुन्हा गेले तेव्हा गाव बरंचसं रोखीवर परतलेलं दिसलं. गावाला दोष देण्यात अर्थ नाही. कार्डाचं यंत्र म्हणजे भाडं आलं, कमिशन आलं, रेंज नसेल तर खोळंबा आला, आणि गिऱ्हाइकाकडे कार्ड हवं ते वेगळंच. हातात नोटा परत आल्या, लोक नोटांकडे परत गेले. तुघलकाचा धडा.

खरी वाढ झाली ती त्यानंतर, कुणी मागे लागलेलं नसताना. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींवर गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर. ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. आता हे का झालं, याचं उत्तर मी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा ते मला जास्त पटलं.

तिचं पहिलं कारण, सुट्टे. सात रुपयांची मिरची आणि दहाची नोट, हा तिचा रोजचा वाद. २०११ च्या जूनमध्ये चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, पण सुट्ट्यांची भांडणं काही गेली नाहीत. वाण्याने तर आपल्या हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवून त्याचंच चलन केलं होतं! फोनवरून बरोबर सात रुपये येतात.

दुसरं कारण, खर्च नाही. तिला यंत्र घ्यावं लागलं नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक चौकोनी कागद, बस्स. हा क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली मोटारींचे सुटे भाग ओळखायला तयार झाला होता, आज तो आपल्याकडे मेथीच्या जुडीशेजारी उभा आहे. आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून कमिशन घेणं बंद झालं. आठवा, मनीऑर्डरला शेकडा पाच लागायचे. (अर्थात फुकट असं काही नसतं. बँकांचा खर्च भागवायला सरकार तिजोरीतून पैसे देतं, म्हणजे तुमचे आमचेच.)

तिसरं, कुणाचं ॲप, कुणाची बँक याची भानगड नाही. गिऱ्हाइकाचं खातं सहकारी बँकेत, तिचं सरकारी बँकेत, ॲप दोघांची वेगळी, तरी पैसे पोचतात. नोट सगळ्या मंडळांत चालू झाली तेव्हा जे झालं तेच हे. आणि एकदा पलीकडच्या फळवाल्याने घेतलं की हिलाही घ्यावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक तिकडे जातं.

मग २०२० चा कोरोना. नोटेला हात लावायचीही भीती वाटत होती. ज्या म्हाताऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, तोवर मुलांवर ढकललं होतं त्यांनाही शिकावं लागलं. मी लॉकडाऊनमध्येच शिकले, मुलीने फोनवरून शिकवलं. सकाळी शिकवलेलं मी संध्याकाळी विसरायची आणि ती चिडायची. तेव्हा मला माझे सगळे 'ढ' विद्यार्थी आठवून वाईट वाटलं.

आणि चौथं कारण तिने सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं. "आजी, तो डबा बोलतो ना!" पैसे आले की बोलणारा तो साउंडबॉक्स. आधी लोक पैसे पाठवल्याचं खोटंच चित्र दाखवून जायचे. तिला फोनवर वाचत बसायला वेळ नाही, इंग्रजी येत नाही, हात ओले. आता डबा मराठीत मोठ्याने सांगतो, इतके रुपये मिळाले. मला एकदम पोस्टमन आठवला. ओटीवर बसून मोठ्याने वाचणारा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही पोच पोचली पाहिजे, तेव्हाच तो नव्या पैशावर विश्वास ठेवतो. तुघलकाच्या नाण्याला हा डबा नव्हता!

इथे लेख संपवला असता तर भाचा-नातवाला पूर्ण चार मार्क मिळाले असते. पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लिहिली नाही तर मला झोप लागायची नाही.

नोटबंदीच्या त्या आठवड्यात माझ्या साबुदाण्याच्या डब्यातून साडेअकरा हजार रुपये बाहेर निघाले. पाचशेच्या तेवीस नोटा. पेन्शनमधून आणि वाढदिवसाच्या पाकिटांतून साठवलेल्या. आमच्या यजमानांना पत्ता नव्हता. काळा पैसा नव्हे हो, फक्त माझा पैसा! त्यांनी विचारलं, "हे कशासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. पगार झाल्यावर पाकीट सासूबाईंच्या हातात द्यायचं, अशी आमच्या घरातली सुरुवातीची वर्षं गेली. पुढे शाळेने पगार बँकेत जमा करायला सुरुवात केली तेव्हा पासबुक माझ्या पर्समध्ये राहायला लागलं, आणि तो माझ्यासाठी मोठाच बदल होता. म्हणजे खात्यातल्या पैशाने मला मोकळं केलं. तरीसुद्धा डबा सुटला नाही. त्या दिवशी त्या नोटा टेबलावर मांडलेल्या बघताना माझ्यापेक्षा मला आईचीच जास्त आठवण झाली.

रिझर्व्ह बँकेचे आकडे पाहिले तर असा डबा ठेवणारी मी एकटी नाही असं वाटतं. नोटबंदीच्या आधी चलनात साधारण १८ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते जवळजवळ ३५ लाख कोटी होते. म्हणजे फोनवरचे व्यवहार इतके वाढूनही रोख गेलेली नाही, उलट वाढली. लोकांनी रोजचे खर्चाचे पैसे फोनवर नेले, आणि साठवणीचे, अडीअडचणीचे, कुणाला न सांगायचे पैसे नोटांतच ठेवले, असा मी तरी याचा अर्थ लावते.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी बाई आहे. तिचा पगार मी फोनवरून द्यायला निघाले तर म्हणाली, "नको आजी, रोखच द्या." खातं तिच्याच नावाचं आहे, पण त्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा. पैसे जमा झाल्याचा संदेश त्याच्या खिशात वाजतो. ती घरी पोचायच्या आत त्यातले निम्मे गेलेले असतात. सरकारी आकडेवारीत तिचं खातं मोजलेलं असणारच. पण तो पैसा तिचा नाही, कारण पोच तिच्या हातात नाही. आईच्या मनीऑर्डरला चुलत्यांची साक्ष होती, हिच्या पगाराला नवऱ्याचा फोन आहे. साठ-पासष्ट वर्षांत एवढाच फरक पडला असेल तर आपण फार खूश होण्याचं कारण नाही.

फसवणुकीचंही सांगायला हवं. २०२१ मध्ये मी जुनं लोखंडी कपाट विकायला काढलं. घेणाऱ्याने फोनवर गोड बोलून "पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका" म्हटलं, आणि मी टाकला. सहा हजार गेले. पैसे घेताना पिन लागत नाही, देतानाच लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही टाकला, कारण बोलणारा घाई करत होता. अशी 'पैसे मागण्याची' व्यक्ती-व्यक्तींमधली सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे. उशीर झाला, पण झालं ते बरं. (कुणाचं असं काही झालं तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा. मी लाजेने दोन दिवस कुणाला बोलले नाही, तीच मोठी चूक.) हुंडी हरवली तर पेठ होती, परपेठ होती. नव्या पैशालाही साध्या माणसासाठी तितकी सोपी पेठ हवी.

तर बाळा, तुझ्या प्रकल्पासाठी सारांश. माणसं नवा पैसा घेतात ते हुकमामुळे किंवा तो नवा आहे म्हणून नव्हे. त्यांची रोजची एखादी टोचणारी अडचण सुटली, खर्च कमी झाला, तो सगळीकडे चालला, आणि पोचल्याची खात्री त्यांना कळेल अशा भाषेत मिळाली, तर घेतात. धक्क्याने सुरुवात लवकर होते एवढंच. आणि जे घेत नाहीत त्यांना अडाणी समजू नकोस, त्यांना आधी कारण विचार. प्रकल्पात एक प्रश्न नक्की घाल, "पैसे आल्याचा संदेश कुणाच्या फोनवर येतो?" उत्तरं मला दाखव.

मागच्या आठवड्यात मी आमच्या बाईला घेऊन तिच्या बँकेत गेले होते, खात्याचा नंबर बदलायला. माझा एक जुना फोन तिला दिलाय. साहेबांनी आणखी एक कागद आणायला सांगितलाय, त्यामुळे पुन्हा एक चक्कर आहे. काम होईपर्यंत तिचा पगार रोखच, आणि तोही तिच्याच हातात.

तुमच्या घरच्या मनीऑर्डरच्या, हुंडीच्या, डब्याच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. वाट पाहते.